करंजाचे दप्तर आणि डेटाबेसची विद्या

मुंबई बंदराच्या पूर्वेस, धरमतर खाडीच्या तोंडाशी आणि द्रोणागिरीच्या पायथ्याशी वसलेले करंजा आज रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडत असले, तरी जुन्या महसुली व्यवस्थेत उरण हा पनवेल तालुक्याचा पेठा, म्हणजे पोटविभाग होता, आणि युरोपीय कागदपत्रांत तर उरणसह सारे बेटच ‘करंजा’ या नावाने ओळखले जाई. मासेमारी, भातशेती आणि मीठ या तीन धंद्यांवर जगलेल्या या बेटाचा राजकीय इतिहास बराच लिहिला गेला आहे; त्याच्या दप्तराचा, म्हणजे जमीन, मिठागर आणि होडी यांची नोंद ठेवण्याच्या विद्येचा इतिहास मात्र उपेक्षित राहिला. गेल्या चाळीस वर्षांत टेबलावरच्या संगणकाने या नोंदी आपल्या पोटात घेतल्या, आणि त्याबरोबर डेटाबेस सॉफ्टवेअरची प्रगत कौशल्ये शिकण्याचा प्रश्न उभा राहिला. ती कौशल्ये सर्वस्वी नवी मानली जातात, पण जुनी नमुना-वही बारकाईने वाचल्यास तसे म्हणता येत नाही.

1534 च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई व तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांना दिला आणि करंजाही त्यांच्याकडे गेले. 1554 च्या सुमारास सिमाँव बोतेल्यो या अधिकाऱ्याने पोर्तुगीज मुलखाच्या उत्पन्नाचे जे ‘तोंबो’, म्हणजे जमाबंदीचे नोंदपुस्तक तयार केले, त्याने या किनाऱ्यावरील लेखी हिशेबाला एक निश्चित वळण दिले. 1739 च्या वसई मोहिमेच्या काळात बेट मराठ्यांकडे आले. 1774 च्या अखेरीस कंपनी सरकारने ते साष्टीबरोबर जिंकले आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने ते कायमचे इंग्रजांकडे राहिले. राज्ये बदलली तरी मोजण्याची वस्तू तीच राहिली. समुद्राला बांध घालून काढलेल्या खारजमिनीला ‘शिलोत्री’ म्हणत, आणि तो बांध राखणाऱ्या शिलोत्रदाराला शेतकऱ्याकडून धान्याच्या रूपाने हक्क मिळत असे. त्यामुळे एकाच शेतावर सरकारचा सारा, शिलोत्रदाराचा हक्क आणि कसणाऱ्याचा वहिवाटीचा अधिकार असे तीन थर बसलेले असत. एका रकान्यात न मावणारी ही माहिती हाच पुढच्या सगळ्या कथेचा गाभा आहे.

मुंबई इलाख्यातील जमीन मोजणीचा प्रिंगल यांचा पहिला प्रयत्न फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1835 पासून इंदापुरात नवी पद्धत घातली आणि 1847 च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम ठरले. प्रत्येक शेताला ‘सर्व्हे नंबर’ द्यायचा आणि सारा माणसावर न बसवता त्या नंबरावर बसवायचा, हे तिचे मर्म होते. नावे बदलतात, सारखीही असतात. नंबर एका गावात एकच असतो. सारा कोण भरतो एवढेच या दप्तरात कळे, हक्क कोणाचा हे कळत नसे. ती उणीव 1903 च्या अधिकार अभिलेखाच्या कायद्याने भरून निघाली, आणि आज प्रचलित असलेल्या गावनमुन्यांची घडण तिथून सुरू झाली. नमुना सातमध्ये जमीन व तिचे हक्कदार, नमुना बारामध्ये पिके, नमुना आठ-अमध्ये एकेका खातेदाराची सगळी जमीन, नमुना सहामध्ये फेरफार, म्हणजे हक्कातील प्रत्येक बदल. हस्तलिखित दप्तरात वारस लागला की तलाठी आधी नमुना सहामध्ये फेरफार धरी, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करी, मग सातबारावर नवे नाव चढे, त्याच्या शेजारी फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहिला जाई आणि जुन्या नावाला कंस होई. जुने नाव खोडले जात नसे. कंसात का होईना, ते राही.

1970 च्या जूनमध्ये आयबीएमच्या ई. एफ. कॉड यांनी संबंधाधारित डेटाबेसचा सिद्धान्त मांडला. माहिती एका अवाढव्य तक्त्यात न कोंबता लहान तक्त्यांत विभागावी, प्रत्येक तक्त्यातील ओळीला ओळखणारी एक ‘मुख्य चावी’ असावी आणि एका तक्त्यातील चावी दुसऱ्यात नोंदवून दोहोंचा संबंध जोडावा, असा त्याचा थोडक्यात आशय. सर्व्हे नंबर आणि खाते क्रमांक या चाव्यांनी एकमेकांना बांधलेले गावनमुने पाहिलेल्या माणसाला हे परके वाटण्याचे कारण नाही, आणि वर्तुळातला फेरफार क्रमांक हे तर दुसऱ्या तक्त्याकडे बोट दाखवणाऱ्या ‘परकीय चावी’चे शाईतले रूप आहे. कॉड यांना सातबारा ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. गुंतागुंतीच्या हक्कांची नोंद ठेवताना दोघांपुढे अडचण एकच होती, एवढेच यातून म्हणायचे आहे.

मोठ्या यंत्रांवरची ही विद्या टेबलावर आणली ती अ‍ॅश्टन-टेटच्या डीबेसने. 1980 च्या दशकात डीबेस-तीन, पाठोपाठ फॉक्सबेस व फॉक्सप्रो, आणि 1992 मध्ये मायक्रोसॉफ्टने फॉक्स कंपनी विकत घेतली त्याच वर्षी बाजारात आलेले अ‍ॅक्सेस, हा तिचा क्रम. महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी निघालेल्या संगणक वर्गांत वर्डस्टार आणि लोटसबरोबर डीबेस शिकवले जाई. पण बहुतेक विद्यार्थी तक्ता उघडणे, ओळी भरणे आणि यादी छापणे यापुढे गेले नाहीत. दोन तक्ते जोडणारी ‘सेट रिलेशन’ ही आज्ञा पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात असे, आणि परीक्षा बहुधा त्याआधीच संपे.

मराठीपुढची अडचण याहून वेगळी होती. पुण्याच्या सी-डॅकने विकसित केलेल्या जिस्ट तंत्रज्ञानामुळे डॉसच्या पडद्यावर देवनागरी दिसू लागली आणि 1991 मध्ये इस्की ही भारतीय संकेतप्रणाली मानक म्हणून निश्चित झाली. परंतु खासगी कार्यालयांत रुळले ते फॉन्टवर आधारलेले टंकलेखन, ज्यात पडद्यावर ‘म्हात्रे’ दिसत असले तरी यंत्राच्या पोटात रोमन अक्षरांची एक निरर्थक माळ साठलेली असे. अशी यादी अकारविल्हे लागत नाही, तीत शोध घेता येत नाही, आणि फॉन्ट बदलला की मजकुराचे भुसकट होते. युनिकोड आल्यावर हा रोग बराचसा गेला, पण सगळा गेला नाही. ‘गोऱ्हे’ या आडनावातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, डोळ्याला दोन्ही एकच दिसतात, आणि नावावरून शोधणाऱ्या क्वेरीला, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या रीतसर प्रश्नाला, ती दोन वेगळी माणसे वाटतात. नावाला चावी मानू नये, हा विंगेट यांच्या काळचाच धडा इथे पुन्हा गिरवावा लागतो.

आकड्यांची गोष्ट अधिक बोधक आहे. चाळीस गुंठ्यांचा एक एकर होतो. म्हणून जुन्या कागदावरील ‘0.25’ चा अर्थ पाव एकर नसून पंचवीस गुंठे असा आहे. हा आकडा जसाच्या तसा दशांश रकान्यात भरला, तर अशा दोन तुकड्यांची बेरीज यंत्र 0.50 सांगते; प्रत्यक्षात ती एक एकर दहा गुंठे असते. हिश्शांचेही तसेच. तीन भावांत जमीन समान वाटायची तर जुना लेखनिक प्रत्येकाच्या नावापुढे पाच आणे चार पै लिहून मोकळा होई, कारण सोळा आण्यांच्या रुपयात एकशे ब्याण्णव पै असतात आणि त्यांचे तीन समान भाग पडतात. हाच हिस्सा टक्क्यांत लिहिला की 33.33 ची तिप्पट 99.99 भरते, आणि उरलेला एक शतांश टक्का कोणाचा हा वाद जिथे भाव गगनाला भिडलेत अशा गावात हसण्यावारी नेण्यासारखा राहत नाही. जाणकार हिस्सा पैंच्या पूर्णांकांत साठवतो आणि छापताना त्याचे आणे करतो; या एका निर्णयात डेटाबेसचे प्रगत कौशल्य जितके दिसते, तितके सुंदर फॉर्म बनवण्यात दिसत नाही.

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र सरकारची योजना 1988-89 मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली, त्यांत महाराष्ट्राचा वर्धा जिल्हा होता. पुढे राज्यभर सातबारा संगणकात गेला, पण सुरुवातीच्या पिढीने तो बव्हंशी टंकलेखनाचे काम म्हणून केला. दर दहा वर्षांनी होणाऱ्या हस्तलिखित पुनर्लेखनात घुसलेल्या चुका तशाच यंत्रात उतरल्या, शिवाय नव्या चुकांची त्यांत भर पडली. सातवरच्या हिश्शांची बेरीज मूळ क्षेत्राशी जुळते का, आठ-अच्या खात्यांची एकूण जमीन गावाच्या क्षेत्राएवढी होते का, ही पडताळणी करणाऱ्या क्वेरी नंतर आल्या, आणि त्यांनी काढलेल्या विसंगतींच्या याद्या मिटवता मिटवता तलाठ्यांच्या नाकी नऊ आले. 2017 मध्ये गावोगाव चावडीवाचन झाले, म्हणजे संगणकीकृत सातबारा खातेदारांसमोर वाचून चुका विचारण्यात आल्या. लेखन प्रमाद दुरुस्त करण्याचा अधिकार देणारे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 चे कलम 155 त्या काळात गावकऱ्यांच्याही तोंडी बसले.

उरण-पनवेलच्या पट्ट्यात हे प्रकरण विशेष नाजूक आहे. 1970 मध्ये सिडकोची स्थापना होऊन नवी मुंबईसाठी भूसंपादन सुरू झाले. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मा झाले, आणि त्या लढ्याचे फलित म्हणून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. कोणाची किती जमीन गेली, त्याचे वारस कोण, आणि कोणाला आधीच भूखंड मिळाला आहे, हे तीन प्रश्न तीन वेगळ्या दप्तरांत आहेत. ती दप्तरे एका चावीने जोडता येतात की नाही यावर एका कुटुंबाचा हक्क ठरतो.

करंजाच्या धक्क्यावर जमिनीपेक्षा होडी मोठी. एकवीरेच्या नावाच्या होड्या कोकण किनाऱ्यावर ठायी ठायी आहेत, आणि एका पाड्यात तेच नाव, तेच वडिलांचे नाव व तेच आडनाव असलेली दोन माणसे भेटणे नवलाचे नाही. म्हणून नौकेचा नोंदणी क्रमांक हीच इथली खरी चावी. 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर नौकांची नोंदणी, रंगसंकेत आणि खलाशांची ओळखपत्रे यांबाबत कडक धोरण आले व नोंदणी ऑनलाइन झाली. मच्छीमार सहकारी संस्थेच्या कचेरीत मात्र सभासद, नौका आणि डिझेलची उचल यांचा रोजचा हिशेब लहान संगणकावरही चालू शकतो. त्यासाठी तीन तक्ते पुरेत. नौकेच्या तक्त्यात सभासद क्रमांक, उचलीच्या तक्त्यात नौका क्रमांक. उचलीच्या ज्या ओळींना चालू नोंदणीच्या यादीत जोड नाही त्या शोधणारी ‘अनमॅच्ड’ क्वेरी चालवली की नोंदणी संपूनही डिझेलचा कोटा उचलणारी नौका आपोआप यादीत येते. महिनावार आडव्या तक्त्यात 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात उचल दिसली की विचारण्यासारखा प्रश्न तयार होतो. ‘संदर्भाची अखंडता’ हा नियम चालू ठेवला, तर अस्तित्वात नसलेल्या नौकेच्या नावावर डिझेल लिहिताच येत नाही. अ‍ॅक्सेसच्या फाइलला दोन गिगाबाइटची मर्यादा आहे, पण एका गावाच्या हिशेबाला ती आयुष्यभर पुरते.

हे शिकण्याची सोय आज नाही असे म्हणता येत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या ‘कोपा’ या संगणकचालक अभ्यासक्रमात डेटाबेसचा समावेश आहे, आणि 2001 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटीने संगणकाची तोंडओळख खेडोपाडी नेली. उणीव उदाहरणांची आहे. पाठ्यपुस्तकातला विद्यार्थी अजूनही परक्या कंपनीचे ग्राहक आणि मागण्या जोडून दाखवतो. त्याच्याच घरातला सातबारा, आठ-अ आणि फेरफार त्याच्यापुढे ठेवला जात नाही. उरण, पनवेल, पेणच्या संस्थांनी गावनमुन्यांवर आणि नौकांच्या नोंदीवर बेतलेला एक मराठी पाठ तयार करावा. त्याची सामग्री तलाठी सजाच्या कपाटात केव्हाची तयार आहे.