कॅडिलॅक रँच
कॅडिलॅक रँच हे अमेरिकेतील टेक्सास राज्यात, अमरिलो शहराजवळ महामार्ग क्र. ४० लगतच्या शेतात असलेले सार्वजनिक शिल्प आहे. 'अँट फार्म' गटाच्या चिप लॉर्ड, हडसन मार्केझ व डग मिशेल्स या कलावंतांनी स्टॅन्ली मार्श यांच्या आश्रयाने १९७४ मध्ये ते उभारले. १९४९ ते १९६३ दरम्यानच्या १० कॅडिलॅक मोटारी येथे एका रांगेत, पुढील भाग जमिनीत गाडून तिरप्या उभ्या केल्या आहेत. मोटारींच्या मागील बाजूच्या पंखवजा उंचवट्यांचा उदय आणि अस्त त्यांतून दिसतो. शहराच्या वाढीमुळे १९९७ मध्ये शिल्प सुमारे ३ किमी पश्चिमेस हलविण्यात आले. प्रवासी मोटारींवर मुक्तपणे रंग फवारतात. त्यामुळे मूळ रंग लोपले असून प्रत्येकाची खूण कालांतराने दुसऱ्याच्या रंगाखाली झाकली जाते.