बॅटरी काढली हे चार्जरला कळतं कसं?

मंडळी, नोकिया ११०० आठवतोय? २००३ सालचा, टॉर्चवाला. भारनियमनाच्या काळात आजऱ्यासारख्या गावात त्या टॉर्चचं मोल वेगळं सांगायला नको. हँग झाला की बॅटरी काढून परत घालायची, हा घरगुती उपाय! पण चार्जिंग चालू असतानाच काढली तर?

लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली. तिला आधी ठराविक करंट देतात, ४.२ व्होल्ट झाले की व्होल्टेज तिथेच धरतात. मग करंट घटत जातो. पुरेसा घटला की 'फुल'. गंमत अशी की बॅटरी काढली तरी करंट शून्यच, आणि कपॅसिटरमुळे व्होल्टेजही तेवढंच. पोट भरलेला पाहुणा आणि पानावरून उठून गेलेला पाहुणा, वाढणाऱ्याला दोघे सारखेच!

म्हणून चिप क्षणभर थोडा करंट उलटा ओढते. बॅटरी असेल तर व्होल्टेज फारसं हलत नाही. नुसता कपॅसिटर असेल तर धाडकन पडतं. मग थोडा करंट द्यायचा. व्होल्टेज लगेच वर उडालं, की जागा रिकामी.

ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने जाहीर केलं की मात्सुशिताने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी तापू शकतात. तेव्हा लोकांनी झाकण उघडून स्वतः नंबर तपासले. त्याच वर्षी आलेल्या आयफोनची बॅटरी मात्र सीलबंद! पुढे बहुतेक स्मार्टफोन तसे झाले.

आता युरोपच्या २०२३ च्या कायद्यानुसार फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडता, ग्राहकाला बॅटरी स्वतः काढता आली पाहिजे. म्हणजे चार्जरला तो जुना प्रश्न पुन्हा पडणार तर!