घरी बांधलेल्या विमानाची 'मूठ' कशी निवडतात? तिच्यावर किती बटणं असावीत?

विमान घरी बांधता येतं, हे आपल्याकडे अनेकांना कळलं ते कॅप्टन अमोल यादव यांच्यामुळे. कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान उभं केलं आणि २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात मुंबईकरांनी ते पाहिलं.

अमेरिकेत हा छंद चांगलाच रुळलेला आहे. तिथल्या 'व्हॅन्स एअरक्राफ्ट' कंपनीच्या किटपासून बांधलेली ११ हजारांहून जास्त आरव्ही विमानं आजवर उडाली आहेत. विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलं, तर तिथे ते 'एक्सपेरिमेंटल' गटात नोंदवता येतं. मग कॉकपिटमध्ये कोणता भाग बसवायचा, हेही बऱ्याच अंशी तोच ठरवतो. त्यातला एक भाग दिसायला छोटा, पण चुकला तर महागात पडणारा आहे: कंट्रोल स्टिकची ग्रिप, म्हणजे मूठ.

ग्रिप म्हणजे नेमकं काय?

वैमानिकाच्या दोन पायांच्या मधून वर येणारा दांडा म्हणजे स्टिक. ती पुढे-मागे केली की शेपटीवरचा एलिव्हेटर हलतो आणि विमानाचं नाक खाली-वर होतं. डावी-उजवीकडे केली की पंखांवरचे एलेरॉन हलतात आणि विमान कलतं. या दांड्याच्या टोकाला बसते ती ग्रिप.

सर्वांत साधी ग्रिप म्हणजे सायकलच्या हँडलला असते तशी फोमची मूठ. दुसऱ्या टोकाला लढाऊ विमानांच्या धर्तीवरच्या, अनेक बटणांच्या ग्रिप येतात. अमेरिकन लष्कराची जुनी 'बी-८' ग्रिप हौशी मंडळींची विशेष आवडती. ह्युई हेलिकॉप्टरमध्ये हीच होती. रे अ‍ॅलन, इन्फिनिटी, टोस्टन हे खास छोट्या विमानांसाठी ग्रिप बनवणारे उत्पादक.

मुठीवर बटणं हवीत कशाला?

उतरताना एक हात स्टिकवर असतो आणि दुसरा थ्रॉटलवर. त्या वेळी हात उचलून पॅनेलवरचं बटण शोधणं धोक्याचं. म्हणून तीन गोष्टी बहुतेक जण मुठीवर घेतात:

- रेडिओवर बोलण्याचं बटण
- ट्रिमचं बटण: स्टिक सतत ओढून किंवा ढकलून धरावी लागू नये म्हणून इलेक्ट्रिक मोटर तो जोर कमी करते
- ऑटोपायलट तोडण्याचं बटण

मग जास्त बटणं असली तर बिघडलं कुठे?

मुठीवरचं प्रत्येक बटण चुकूनही दाबलं जाऊ शकतं.

रेडिओचं बटण अडकलं, तर त्या फ्रिक्वेन्सीवर बाकी कोणालाच नीट बोलता येत नाही. फ्लॅप्सच्या बटणाला भलत्या वेगात धक्का लागला, तर फ्लॅप्सवर नको तेवढा ताण येतो. इंजिन सुरू करणारा स्टार्टर मुठीवर ठेवणं तर उघड धोक्याचं: पंख्याजवळ कोणी उभं असताना मुलाने सहज बटण दाबलं तर?

ट्रिमचं बटण आतून चिकटलं, तर मोटर थांबतच नाही. विमान नाक वर किंवा खाली करत राहतं आणि वैमानिकाला ताकद लावून ते सावरावं लागतं. म्हणून ट्रिमचा वीजपुरवठा तोडणारा स्विच पटकन हात पोहोचेल असा वेगळा ठेवतात.

म्हणून प्रत्येक बटणाबद्दल एकच प्रश्न विचारावा: हे काम करताना माझा हात स्टिकवरून खरंच हलू शकत नाही का? उत्तर 'हलू शकतो' असेल, तर ते बटण पॅनेलवरच बरं.

डावा हात की उजवा?

इथे अनेक जण फसतात. आरव्ही-७ सारख्या शेजारी-शेजारी सीट असलेल्या विमानात थ्रॉटल सहसा मध्यभागी असतं. म्हणजे डाव्या सीटवरचा वैमानिक उजव्या हाताने थ्रॉटल आणि डाव्या हाताने स्टिक धरतो. आरव्ही-८ मध्ये सीट एकामागे एक आणि थ्रॉटल डावीकडे. तिथे स्टिक उजव्या हातात येते. उजव्या हातासाठी घडवलेली ग्रिप डाव्या हातात घेतली, तर अंगठा बटणांपर्यंत नीट पोहोचत नाही.

दोन स्टिक असतील तर?

दोन्ही ग्रिपवर ट्रिम असेल आणि एकाने 'वर', दुसऱ्याने 'खाली' दाबलं, तर? यासाठी मध्ये रिले बसवून कोणाचा आदेश आधी, ते ठरवतात. सहप्रवाशाच्या मुठीवरची बटणं बंद करणारा एक स्विचही ठेवतात. शेजारी हौसेने बसलेला पाहुणा कोणतं बटण दाबेल, याचा नेम नसतो.

बसवताना काय पाहावं?

मुठीतली छोटी बटणं थोडाच वीजप्रवाह पेलतात. लँडिंग लाइट किंवा फ्लॅपची मोटर थेट त्यांच्यावर न जोडता रिलेमार्फत चालवावी लागते. स्टिक सतत हलते, त्यामुळे तारांना पुरेशी ढील हवी आणि त्या कुठे घासता कामा नयेत.

उंचीही महत्त्वाची. ग्रिप बसवल्यावर दांडा लांब होतो. पूर्ण पुढे नेल्यावर ती पॅनेलला, पूर्ण मागे घेतल्यावर पोटाला आणि बाजूला नेल्यावर मांडीला अडत असेल, तर दांडा कापावा लागतो. ही तपासणी सीटवर गादी टाकून, पट्टे बांधून करावी.

ट्रिमचं बटण पुढे दाबल्यावर नाक खाली जाईल अशीच हालचाल शेपटीवर होते ना, हे जमिनीवरच कोणाला तरी मागे उभं करून पाहून घ्यावं. तारा उलट जोडल्या गेल्या असतील, तर ते पहिल्या उड्डाणात कळू नये.

विकत घेण्याआधी

आवडलेल्या ग्रिपच्या आकाराचा लाकडी नमुना करा, बटणांच्या जागी खुणा करा आणि तो दांड्यावर लावून कॉकपिटमध्ये बसा. डोळे मिटून रेडिओ, ट्रिम, ऑटोपायलट असं एकेक बटण शोधा. बोट चुकत असेल, तर बटणांची जागा बदला किंवा संख्या कमी करा.