बिडीचा मालक कोण?

दिवाळीच्या दिव्यांपाशी बसून कायद्याचे पुराण कोण वाचणार, असे वाचक म्हणतील. पण आमच्या चोरखमाऱ्याच्या ओसरीवर दिवाळी बिडीच्या मजुरीवरच येई, म्हणून ही गोष्ट सांगतो.

भोवतालच्या रानांतून तेंदूपत्ता यायचा. आई सूप मांडीवर घेऊन बिड्या वळी आणि ठेकेदाराकडे पोचवी. मुनीम कट्टे तपासून काही बिड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढी. छाटीचे पैसे नाहीत, आणि त्या बिड्याही परत नाहीत! एका दिवाळीला छाट इतकी निघाली की आम्हा भावंडांना नवे कापड मिळाले नाही. आईने जाब विचारला, तेव्हा ठेकेदार म्हणाला, “बाई, मी कुठे मालक आहे?”

पुढे मास्तरकी करताना जुने निकाल वाचनात आले आणि उमगले, की याच एका प्रश्नावर बिडीचे कारखानदार आणि कामगार वर्षानुवर्षे भांडत आले आहेत.

१९५६ पर्यंत आमचा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. तेथे १९४८ साली एक कायदा झाला. शेतीच्या हंगामात मजूर मिळावेत म्हणून नेमलेल्या गावांत बिडी वळण्यास बंदी घालण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. सागर जिल्ह्यातील एक कारखानदार आणि एक कामगार, दोघेही सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर १९५० मध्ये न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली. त्या दिवशी मालक आणि मजूर एका बाजूला होते.

पुढे ती जोडी फुटली. १९५८ साली न्यायालयाने म्हटले, की बिड्या वळवून आणून देणारे सट्टेदार हे स्वतंत्र ठेकेदार आहेत, कारखान्याचे कामगार नव्हेत. डिसेंबर १९६० मध्ये नागपूरच्या तीन कामगारांचा खटला लागला. रजेवर गेले म्हणून त्यांची मजुरी कापली होती. ते कारखान्यात बसून काम करीत, हजेरी लागे, वाईट बिडी नाकारली जाई. तेव्हा ते कामगारच, असा निकाल झाला. वर्षही सरले नाही तोच, १९६१ साली, दुसऱ्या एका वळणाऱ्याबद्दल बहुमताने उलट निकाल आला. कारण त्याच्या येण्याजाण्यावर मालकाचा ताबा नव्हता. सूप तेच, पत्ता तोच. पण एक कामगार ठरला, दुसरा नाही!

मग पळवाट उघड होती. काम घरोघर वाटावे, मध्ये ठेकेदार ठेवावा, म्हणजे युनियनने मागणी तरी कोणापुढे ठेवायची? १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने ही वाट अडवली. घरी वळणारी बाईही कामगार ठरली. ठेकेदारामागचा मूळ मालक जबाबदार धरला गेला. वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा आली आणि छाटीच्या तंट्यासाठी अधिकारी नेमण्याची सोय झाली. मालकांनी आव्हान दिले, पण १९७४ साली न्यायालयाने कायदा उचलून धरला. २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि हा कायदा त्यांत सामावला.

म्हणजे आईची छाट निघे, तेव्हा कायदा होताच. फक्त आईचे नाव कोणत्याही वहीत नव्हते. वहीत नाव नाही म्हणून तिला दाद नाही, असे मालकाला वाटत असेल. पण दावा उभा राहिला तर त्याच कोऱ्या वहीने त्याचाही बचाव होत नाही. किती पत्ता दिला, किती बिडी आली, किती छाटली, हे दोघांच्या सहीने लिहिले, की निम्मे तंटे युनियनच्या दारापर्यंतही जात नाहीत.

आई आता वळत नाही. बोटे आखडली आहेत. परवा हे निकाल तिला वाचून दाखवले. पणतीत तेल घालता घालता ती म्हणाली, “म्हणजे मालक होता तर!”