शब्बाथ, संतप्रार्थना व प्रतिमा : ख्रिस्ती पंथांतील मतभेद

ख्रिस्ती पंथांमध्ये उपासनेच्या रीतीवरून शतकानुशतके चालत आलेले तीन वाद. विसाव्याचा पवित्र दिवस शनिवार की रविवार आणि तो किती कडकपणे पाळावा, हा पहिला. येशूची आई मरिया व दिवंगत संत यांना प्रार्थनेतून मध्यस्थीची विनंती करावी की नाही, हा दुसरा. चर्चमध्ये चित्रे व मूर्ती ठेवून त्यांना वंदन करावे की नाही, हा तिसरा. वरवर पाहता हे प्रश्न वेगवेगळे वाटतात, पण त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : देवाच्या आज्ञेचा अर्थ कशाच्या आधाराने लावायचा? केवळ शास्त्रवचनाच्या, की शास्त्रवचनासोबत चर्चच्या अखंड परंपरेच्याही? रोमन कॅथलिक व पौर्वात्य ऑर्थोडॉक्स चर्च परंपरेलाही प्रमाण मानतात. प्रॉटेस्टंट पंथ अंतिम निर्णय बायबलवर सोपवतात. तिन्ही वादांची उत्तरे बहुतांशी या भूमिकांतूनच निघतात.

दहा आज्ञांची मोजणी

मोशेला मिळालेल्या दहा आज्ञा ‘निर्गम’च्या २० व्या व ‘अनुवाद’च्या ५ व्या अध्यायात आहेत. मूळ मजकुरात त्यांना क्रमांक नाहीत, म्हणून त्या मोजण्याच्या निरनिराळ्या पद्धती रूढ झाल्या. संत ऑगस्टीनच्या (३५४–४३०) पद्धतीत ‘दुसरे देव मानू नकोस’ आणि ‘कोरीव मूर्ती करू नकोस’ ही दोन्ही वचने मिळून एक आज्ञा होते आणि लोभाविषयीच्या शेवटच्या वचनाच्या दोन आज्ञा होतात. कॅथलिक व ल्यूथरन पंथ हीच पद्धत पाळतात. ऑर्थोडॉक्स, कॅल्व्हिनवादी (धर्मसुधारक कॅल्व्हिनचे अनुयायी) व अँग्लिकन पंथ मूर्तीविषयीची आज्ञा स्वतंत्र, म्हणजे दुसरी, धरतात. त्यामुळे विसाव्याच्या दिवसाची आज्ञा वसईच्या कॅथलिक मुलाच्या धर्मशिक्षणात तिसरी असते आणि अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) प्रॉटेस्टंट मुलाच्या पाठांतरात चौथी.

कॅथलिकांनी मूर्तीची आज्ञा वगळली, असा आरोप या फरकातूनच निघाला. तो रास्त नाही. कॅथलिक बायबलमध्ये ते वचन पूर्णपणे छापलेले असते. मार्टिन ल्यूथरने १५२९ च्या आपल्या लघुप्रश्नोत्तरीतही ऑगस्टीनचीच मोजणी ठेवली होती. तरीही क्रमांकाचा परिणाम झाला. ज्या पंथांत मूर्तीची आज्ञा स्वतंत्र मोजली जाते, त्यांतल्या कॅल्व्हिनवाद्यांनी ती सर्वांत कडकपणे लागू केली. ऑर्थोडॉक्सांनी मात्र तीच मोजणी ठेवून चित्रांना उपासनेत मानाचे स्थान दिले.

शब्बाथ

ज्यू शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होऊन शनिवारी अंधार पडल्यावर संपतो. आरंभीचे ख्रिस्ती लोक येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणून आठवड्याच्या पहिल्या दिवशी एकत्र जमू लागले. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. इ. स. १५५ च्या सुमारास जस्टिन मार्टरने रविवारच्या सभेचे वर्णन केले आहे : वाचन, प्रवचन, प्रार्थना, भाकर व द्राक्षारस यांचा विधी आणि गरिबांसाठी वर्गणी. त्या वर्णनात काम बंद ठेवण्याचा उल्लेख नाही. कामबंदीचा नियम राजाज्ञेने आला. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२१ मध्ये सूर्याच्या दिवशी न्यायालये व शहरांतील व्यवसाय बंद ठेवण्याचा हुकूम काढला. शेतकऱ्यांना त्यातून सूट होती, कारण पेरणीची वेळ टळली तर पीक हातचे जाते. चौथ्या शतकातील लाओडिकेया येथील धर्मसभेने शनिवारी काम बंद ठेवण्यास मनाई केली. म्हणजे तोपर्यंत काही ख्रिस्ती लोक शनिवारही पाळत होते.

इथिओपियात ही परंपरा जिवंत राहिली. चौदाव्या शतकातील मठाधिपती एवोस्तातेवोसच्या अनुयायांनी शनिवार व रविवार असे दोन्ही शब्बाथ पाळण्याचा आग्रह धरला आणि त्यापायी छळ सोसला. १४५० मध्ये सम्राट झारा याकोबच्या काळात देब्रे मित्माक येथील सभेने त्यांची भूमिका मान्य केली.

पश्चिमेकडे टॉमस अक्वायनसने या आज्ञेचे दोन भाग केले : देवासाठी वेळ राखून ठेवणे हा कायमचा नैतिक भाग आणि सातवा दिवस हा बदलता येणारा विधीचा भाग. ल्यूथरन पंथाच्या १५३० च्या आउग्जबुर्ग कबुलीजबाबात रविवार हा सोयीचा व सुव्यवस्थेचा दिवस मानला आहे. इंग्लंडमधील प्यूरिटन, म्हणजे कडक सुधारणावादी प्रॉटेस्टंट, लोकांना हे पटले नाही. निकोलस बाउंडने १५९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रविवार हाच ख्रिस्ती शब्बाथ असून तो पूर्ण विसाव्याने पाळावा, असे मांडले. राजा पहिला जेम्स याने १६१८ मध्ये उपासनेनंतर नृत्य, तिरंदाजी असे खेळ खेळण्याची मुभा देणारे जाहीरपत्र काढले. पहिल्या चार्ल्सने १६३३ मध्ये ते पुन्हा काढून चर्चमधून वाचण्याची सक्ती केली. १६४३ मध्ये पार्लमेंटने ते जाहीर जाळण्याचा आदेश दिला. स्कॉटलंडमध्ये रविवारचे हे कडक पालन विसाव्या शतकापर्यंत टिकले. स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलने १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवारी फेरी असल्यामुळे १०० मीटरची शर्यत सोडली आणि ४०० मीटरमध्ये सुवर्णपदक मिळवले.

केवळ बायबल प्रमाण मानायचे तर रविवार कोठून आला, असा प्रश्न काही प्रॉटेस्टंटांनी विचारला. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये सातवा दिवस पाळणारे बॅप्टिस्ट पुढे आले. त्यांची अमेरिकेतील पहिली मंडळी १६७१ मध्ये ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्ट येथे स्थापन झाली. त्यांच्या प्रभावातून शनिवार स्वीकारलेल्या, ख्रिस्ताच्या पुनरागमनाची वाट पाहणाऱ्या अ‍ॅडव्हेंटिस्टांनी १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट चर्चची रीतसर संघटना केली. त्यांच्या मते रविवार ही बायबलची आज्ञा नसून चर्चने केलेला बदल आहे. कॅथलिक लेखकही पूर्वी हेच सांगून परंपरेच्या अधिकाराचा पुरावा देत असत. एकाच ऐतिहासिक घटनेतून दोन्ही बाजूंनी उलट निष्कर्ष काढले, ते असे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९८ मध्ये ‘दिएस दोमिनी’ या पत्रात रविवारचे महत्त्व पुन्हा विशद केले.

संतप्रार्थना

संतांच्या सन्मानाचा उगम हुतात्म्यांच्या स्मरणात आहे. दुसऱ्या शतकात स्मर्ना येथे बिशप पॉलिकार्पचा वध झाला. त्याच्या अनुयायांनी त्याच्या अस्थी जपून ठेवल्या आणि आपण आराधना ख्रिस्ताचीच करतो, हुतात्म्यांवर प्रेम करतो, असे त्याच वेळी नोंदवून ठेवले. पुढील सर्व कॅथलिक व ऑर्थोडॉक्स युक्तिवादाचे बीज या भेदात आहे. कॅथलिक धर्मशास्त्राने त्याला तीन संज्ञा दिल्या : ‘लात्रिया’ म्हणजे केवळ देवाला वाहिलेली आराधना, ‘दुलिया’ म्हणजे संतांचा सन्मान आणि ‘हायपरदुलिया’ म्हणजे मरियेला दिला जाणारा विशेष सन्मान.

या प्रथेला विरोधही जुना आहे. गॉलमधील व्हिजिलान्शियस या धर्मगुरूने अस्थिपूजा व संतांची प्रार्थना यांवर टीका केली. जेरोमने ४०६ मध्ये तिचे कडक शब्दांत खंडन केले. सोळाव्या शतकातील प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेच्या काळात हा वाद उफाळला. आउग्जबुर्ग कबुलीजबाबाच्या २१ व्या कलमानुसार संतांचे स्मरण करावे, त्यांचा विश्वास अनुसरावा, पण त्यांच्याकडे मदत मागू नये. कारण तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रानुसार देव व मनुष्य यांच्यात ख्रिस्त हा एकच मध्यस्थ आहे. अँग्लिकन चर्चच्या ३९ कलमांपैकी २२ व्या कलमाने संतप्रार्थनेला शास्त्राधार नसल्याचे म्हटले. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने डिसेंबर १५६३ मधील शेवटच्या सत्रात उत्तर दिले : संत देवाजवळ आपल्यासाठी विनवणी करतात, म्हणून त्यांना विनंती करणे चांगले व उपयुक्त आहे, मात्र अंधश्रद्धा व धनलोभ काढून टाकावेत.

कॅथलिक युक्तिवाद असा : जिवंत मित्राला आपण ‘माझ्यासाठी प्रार्थना कर’ असे सांगतो, मृत्यूने ख्रिस्ताच्या कुटुंबातील नाते तुटत नाही, म्हणून संतालाही तसेच सांगता येते. प्रॉटेस्टंट विचारतात की, मृतांना आपली हाक ऐकू जाते असे बायबल कोठे सांगते? कॅथलिक ‘मक्काबी’च्या दुसऱ्या पुस्तकातील दृष्टांताचा दाखला देतात, पण प्रॉटेस्टंट ते पुस्तक बायबलचा भाग मानत नाहीत. अशा रीतीने वाद पुन्हा मूळ प्रश्नाशी, म्हणजे प्रमाण कोणते याच्याशी, येऊन थांबतो.

प्रतिमा

सिरियातील दुरा-युरोपोस येथे तिसऱ्या शतकातील एका घराचे प्रार्थनास्थळ सापडले असून त्याच्या भिंतींवर येशूच्या चमत्कारांची चित्रे होती. म्हणजे चित्रांचा वापर जुना आहे. विरोधही तितकाच जुना आहे : चौथ्या शतकाच्या आरंभी स्पेनमधील एल्व्हिरा येथील सभेने चर्चच्या भिंतींवर चित्रे काढण्यास मनाई केली. इ. स. ६०० मध्ये पोप पहिला ग्रेगरी याने मार्सेचा बिशप सेरेनस याला समज दिली; सेरेनसने आपल्या चर्चमधील प्रतिमा फोडल्या होत्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना भिंतीवर वाचता यावे म्हणून चित्रे असतात. त्यांची आराधना थांबवावी, ती फोडू नयेत, असे ग्रेगरीचे म्हणणे होते.

सर्वांत मोठा संघर्ष बायझंटिन साम्राज्यात झाला. सम्राट तिसरा लिओ याने ७२६ ते ७३० च्या सुमारास प्रतिमांविरुद्ध धोरण घेतले. ७५४ च्या हिएरिया येथील परिषदेचा युक्तिवाद तर्कशुद्ध होता : ख्रिस्ताच्या चित्रात केवळ मानवी रूप दाखवले तर त्याच्या मानवी व दैवी अशा दोन स्वभावांची फाळणी होते, आणि दैवी स्वभावही दाखवल्याचा दावा केला तर दोन्हींची सरमिसळ होते. जेरुसलेमजवळच्या मठात, म्हणजे सम्राटाच्या सत्तेबाहेर, राहणाऱ्या दमास्कसच्या जॉनने प्रतिमांची बाजू त्याआधीच मांडली होती : अदृश्य देवाचे चित्र काढता येत नाही हे खरे, पण जो देहधारी होऊन लोकांच्या डोळ्यांना दिसला, त्याचे चित्र नाकारणे म्हणजे त्याचे देहधारण नाकारणे होय.

सम्राज्ञी आयरीनच्या काळात ७८७ मध्ये भरलेल्या निकियाच्या दुसऱ्या परिषदेने निर्णय दिला. प्रतिमेला आदराचे वंदन करावे, आराधना मात्र केवळ देवाची. प्रतिमेला दिलेला मान ती ज्याची आहे त्याला पोहोचतो. या निर्णयाचा लॅटिन अनुवाद सदोष झाला. वंदन व आराधना यांतील भेद त्यात पुसला गेला आणि फ्रँक राजा शार्लमेनच्या दरबारातील पंडितांनी ७९४ च्या फ्रँकफुर्ट सभेत त्याला विरोध केला. पूर्वेत ८१५ मध्ये प्रतिमाबंदी पुन्हा आली. ती ८४३ मध्ये सम्राज्ञी थिओडोराच्या काळात कायमची उठली. ऑर्थोडॉक्स चर्च महाउपवासकाळाच्या पहिल्या रविवारी आजही तो विजय साजरा करते.

धर्मसुधारणेने हा प्रश्न पुन्हा उभा केला. ल्यूथरचा सहकारी कार्लश्टाट याच्या प्रेरणेने १५२२ मध्ये विटेनबर्गमध्ये प्रतिमा हटवण्याची चळवळ सुरू झाली, तेव्हा ल्यूथरने परत येऊन प्रवचनांद्वारे ती आवरली. मूर्ती आधी मनातून जावी, हातोड्याने नव्हे, अशी त्याची भूमिका होती. ल्यूथरन चर्चमध्ये म्हणूनच वेदीचित्रे टिकली. धर्मसुधारक झ्विंग्लीच्या झुरिकमध्ये १५२४ साली नगरपरिषदेच्या हुकमाने चर्च रिकामी करण्यात आली. ऑगस्ट १५६६ मध्ये नेदरलँड्समध्ये जमावांनी चर्चमधील मूर्ती व चित्रांची मोठी मोडतोड केली. त्यात मध्ययुगीन कलेचा केवढा तरी ठेवा नष्ट झाला.

भारत व महाराष्ट्र

हे मतभेद भारतातही आले. केरळमध्ये अब्राहम मल्पान या धर्मगुरूने १८३७ च्या सुमारास मारामोन येथे मिरवणुकीत नेली जाणारी संताची लाकडी मूर्ती काढून टाकली आणि उपासनाविधीतून संतप्रार्थना वगळली. मार्थोमा चर्चची सुधारणा त्यातून झाली. गोव्यात फ्रान्सिस झेव्हियरचे शव जुन्या गोव्याच्या बॉम जेझूस बॅसिलिकात असून साधारण दर दहा वर्षांनी ते दर्शनासाठी ठेवले जाते. वसईत जन्मलेले व १५९७ मध्ये नागासाकी येथे हौतात्म्य पत्करलेले गोन्सालो गार्सिया यांना १८६२ मध्ये संतपद मिळाले. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या सप्टेंबरमधील जत्रेत अनेक धर्मांचे लोक नवस फेडतात व मेणाच्या प्रतिकृती वाहतात.

याउलट १८१३ पासून मुंबईत व १८३१ पासून अहमदनगरला काम करणारे अमेरिकन मराठी मिशन प्यूरिटन वारशातून आले होते. त्यांच्या प्रार्थनामंदिरांत मूर्ती नव्हती, संतांचा धावा नव्हता. या मंडळींतील कवी नारायण वामन टिळकांनी मराठी भक्तीकडून अभंग, ओवी व कीर्तन घेतले. डोळ्यांपुढे मूर्ती नसलेल्या उपासनेला त्यांनी कानांसाठी भजन दिले. पुण्यातील स्पायसर ही अ‍ॅडव्हेंटिस्टांची शिक्षणसंस्था शनिवारच्या शब्बाथाची परंपरा चालवते. मराठी वाचकासाठी एक अडचण भाषेचीही आहे. ‘पूजा’ हा एकच शब्द देव, गुरू, मूर्ती व अवजारे या सर्वांना चालतो. त्यामुळे आराधना व वंदन यांतला भेद सहज निसटतो.

सलोख्याचे प्रयत्न

अमेरिकेतील ल्यूथरन व कॅथलिक तज्ज्ञांनी १९९० मध्ये एकच मध्यस्थ, संत व मरिया या विषयावर संयुक्त निवेदन पूर्ण केले. अँग्लिकन व कॅथलिक आयोगाने २००५ मध्ये मरियेविषयीचे निवेदन प्रसिद्ध केले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. सर्व संतांचे नाव असलेल्या त्या वास्तूत अँग्लिकन आणि प्यूरिटन वळणाच्या मंडळ्या एकत्र आल्या.

मतभेद पूर्ण मिटलेले नाहीत. पण त्यांची सीमा आता अधिक स्पष्ट झाली आहे. आराधना एका देवाचीच, यावर सर्व प्रमुख पंथांचे एकमत आहे. संत व प्रतिमा यांबाबतचा मुख्य वाद आदर कोठे संपतो व आराधना कोठे सुरू होते, याचा आहे. म्हणून कॅथलिक व ऑर्थोडॉक्स लोक मूर्तिपूजक आहेत, प्रॉटेस्टंट संतांचा अनादर करतात किंवा शनिवार पाळणारे ख्रिस्ती नाहीत, ही तिन्ही विधाने त्या त्या पंथाच्या स्वतःच्या शिकवणीशी विसंगत असून चुकीची आहेत.