वृद्धाश्रमांचे नियमन (महाराष्ट्र)

वृद्धाश्रमांचे नियमन म्हणजे ज्येष्ठ नागरिकांसाठी चालविल्या जाणाऱ्या निवासी संस्थांची नोंदणी, किमान मानके, तपासणी व तक्रार निवारण यांविषयीची शासकीय व्यवस्था होय. महाराष्ट्रात ही व्यवस्था एका कायद्यात सामावलेली नाही. निराधार वृद्धांसाठीच्या शासकीय वृद्धाश्रमांची मानके पुष्कळ तपशिलाने ठरविलेली आहेत; शुल्क घेऊन चालणाऱ्या खासगी वृद्धाश्रमांवर मात्र वेगवेगळ्या कायद्यांचे तुकड्यातुकड्याने नियंत्रण असते. नाशिक जिल्ह्याच्या उदाहरणावरून हा फरक स्पष्ट होतो.

२००७ चा अधिनियम

या विषयाचा मुख्य आधार ‘आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७’ हा केंद्रीय कायदा आहे. महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून लागू झाला आणि राज्याचे नियम २०१० मध्ये आले. साठ वर्षे पूर्ण केलेली व्यक्ती या कायद्यानुसार ज्येष्ठ नागरिक ठरते. कलम १९ नुसार राज्य शासन टप्प्याटप्प्याने वृद्धाश्रम स्थापन करू शकते. त्याची सुरुवात प्रत्येक जिल्ह्यात किमान एका वृद्धाश्रमाने करावयाची असून त्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय अपेक्षित आहे. कायद्याची भाषा ‘करील’ अशी नसून ‘करू शकेल’ अशी आहे. त्यामुळे या तरतुदीचे बळ बरेच कमी होते. नाशिक जिल्ह्यात पंधरा तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६१ लाखांहून अधिक आहे. एवढ्या जिल्ह्यासाठी १५० जागा ही किमान मर्यादासुद्धा तोकडी म्हणावी लागेल.

मानके

केंद्र शासनाने राज्यांसाठी तयार केलेल्या नमुना नियमांत वृद्धाश्रमाची भौतिक मानके दिली आहेत. शयनकक्षात प्रत्येक निवासीमागे ७.५ चौरस मीटर जागा असावी. स्वयंपाकघर, भोजनगृह, करमणुकीची खोली, वैद्यकीय खोली इत्यादी धरून, परंतु व्हरांडे व मार्गिका वगळून, हे क्षेत्र १२ चौरस मीटर असावे. उतरते मार्ग, हाताला धरावयाचे कठडे आणि गरज तेथे उद्‌वाहन यांची अपेक्षा आहे. स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र खोल्या, अपंगांना वापरता येतील अशी शौचालये, वाचनालय आणि आजारी व्यक्तींसाठी वेगळी खोली यांचाही त्यात उल्लेख आहे. नजीकच्या शासकीय रुग्णालयाशी व पोलीस ठाण्याशी आधीच व्यवस्था लावून ठेवावी, असेही नियम सांगतात.

प्रवेशाचे नियमही लक्षणीय आहेत. अर्ज जागांपेक्षा अधिक आल्यास अधिक गरजूला, अधिक वयस्काला आणि पुरुषापेक्षा स्त्रीला प्राधान्य मिळते. धर्म किंवा जात यांवरून भेद करता येत नाही. दैनंदिन कारभार पाहणाऱ्या व्यवस्थापन समितीत निवाशांना प्रतिनिधित्व द्यावे, ही तरतूद कदाचित सर्वांत महत्त्वाची; कारण भिंतींचे माप एकदाच घेता येते, पण जेवण आणि वागणूक यांचा अनुभव रोज तेथे राहणाऱ्यांनाच असतो.

खासगी वृद्धाश्रम

नाशिकमध्ये एखाद्या संस्थेने वृद्धाश्रम सुरू केल्यास ती बहुधा ‘महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०’ खाली धर्मादाय कार्यालयात नोंदलेली असते. ही नोंदणी संस्थेची व तिच्या हिशेबांची असते; खाटांमधील अंतर किंवा रात्रपाळीची परिचारिका हे तिचे विषय नाहीत. वृद्धाश्रमाची इमारत ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ च्या कक्षेत येऊ शकते. राष्ट्रीय इमारत संहितेत वृद्धांची निवासगृहे रुग्णालयांप्रमाणेच ‘संस्थात्मक’ गटात मोडतात, कारण संकटकाळी तेथील माणसे स्वतः धावत बाहेर पडू शकत नाहीत. आजारी किंवा अशक्त व्यक्तींना ठेवून उपचार व शुश्रूषा दिली जात असेल, तर १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याचा प्रश्न उद्भवतो. ‘केअर सेंटर’ या नावाने चालणाऱ्या संस्था नेमक्या याच सीमारेषेवर असतात.

तक्रारींच्या बाबतीतही गफलत होते. २००७ च्या अधिनियमाखालील न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्यांच्या दर्जाहून कमी नसलेल्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली चालते. तेथे मुलांकडून किंवा नातेवाइकांकडून निर्वाहखर्च मागता येतो. वृद्धाश्रमचालकाविरुद्धची तक्रार हा या न्यायाधिकरणाचा मूळ विषय नव्हे. शुल्क भरून घेतलेल्या सेवेत उणीव असल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खालील जिल्हा आयोगाकडे जाता येते. मात्र अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला हा मार्ग कितपत परवडतो, हा प्रश्न उरतोच.

सुधारणेचे प्रयत्न

डॉ. अश्वनी कुमार विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २०१८ रोजी निकाल दिला आणि देशातील वृद्धाश्रमांची जिल्हावार माहिती राज्यांकडून मिळविण्याचे निर्देश केंद्राला दिले. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात खासगी संस्थांसह सर्व ज्येष्ठ नागरिक निवासगृहांची नोंदणी आणि केंद्राने ठरवावयाची किमान मानके प्रस्तावित होती. निर्वाहखर्चाची दरमहा १०,००० रुपयांची कमाल मर्यादाही त्यात काढून टाकली होती. २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाल्यावर हे विधेयक व्यपगत झाले.

ज्येष्ठांसाठी विक्रीस काढल्या जाणाऱ्या गृहप्रकल्पांबाबत महारेराने २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. एकाहून अधिक मजल्यांच्या इमारतीत उद्‌वाहन, किमान ९०० मिलिमीटर रुंद दरवाजे आणि न घसरणारी फरशी यांसारख्या अटी त्यांत आहेत. ही तत्त्वे नाशिकमधील अशा प्रकल्पांनाही लागू होतात. परंतु त्यांचा संबंध घराच्या बांधणीशी व विक्रीशी आहे, तेथे पुढे मिळणाऱ्या शुश्रूषेशी नाही.