जड स्टिअरिंगची कुळकथा

"मिस्त्री, स्टिअरिंग जड झालंय." अंधेरी असो वा मुलुंड, गॅरेजच्या दारात गाडी लावताना लोक एवढंच सांगतात. तेवढ्यावरून थेट रॅक, म्हणजे चाकं वळवणारी दातेरी दांडी, बदलायला काढला, तर हजारो रुपये जातात आणि दोष तसाच राहू शकतो. स्टिअरिंगच्या आजवर तीन पिढ्या झाल्या: हाताच्या जोराची, तेलाच्या दाबाची आणि विजेची. प्रत्येक पिढीनं जडपणाची नवी कारणं आणली, पण पहिल्या पिढीची कारणं कुठल्याच गाडीतून गेली नाहीत. म्हणून निदान करायचं तर आधी कूळ समजून घ्यावं.

पहिल्या पिढीचं उपनगरातलं घर म्हणजे कुर्ला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या इथल्या कारखान्यात १९४७पासून क्रायस्लर या अमेरिकी कंपनीच्या गाड्या तयार होऊ लागल्या. पुढे इथूनच फियाट बाहेर पडली, तिची पद्मिनी झाली आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला तिनंच चेहरा दिला. या गाडीत ड्रायव्हरचे हात आणि पुढची चाकं यांच्यामध्ये होतं ते फक्त लोखंड: दांडा, गिअर बॉक्स, टाय रॉड, बॉल जॉइंट. कमी ताकदीत वळावं म्हणून स्टिअरिंग मोठं ठेवायचं आणि जास्त फिरवायचं, एवढाच उपाय होता. जडपणाची कारणंही मोजकी होती: टायरमध्ये हवा कमी, सांध्यांतलं ग्रीस सुकलेलं, रॉड वाकलेला, अलाइनमेंट बिघडलेलं. इंजिन बंद ठेवून पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलायची आणि स्टिअरिंग फिरवायचं. तरी अडकत असेल तर दोष सांध्यांत किंवा गिअरमध्ये. मोकळं फिरत असेल तर आधी टायरची हवा पाहायची. ही कसोटी आजच्या गाडीलाही लागू पडते.

दुसरी पिढी अमेरिकेत जन्मली. फ्रान्सिस डेव्हिस हे पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागातले इंजिनिअर. जड ट्रक वळवताना होणारी दमछाक त्यांना ठाऊक होती. १९२२ साली नोकरी सोडून त्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम गावी कामाला सुरुवात केली आणि १९२६पर्यंत तेलाच्या दाबावर चालणारं स्टिअरिंग एका पिअर्स-ॲरो गाडीत बसवलं. जनरल मोटर्सनं करार केला, पण मंदीच्या काळात हा खर्च परवडेना, म्हणून १९३४ साली तो मोडला. दुसऱ्या महायुद्धात चिलखती गाड्यांना या तंत्राची गरज पडली. १९५१ साली ते क्रायस्लर इम्पीरियलमधून सामान्य ग्राहकापर्यंत पोचलं. ज्या क्रायस्लरच्या गाड्या कुर्ल्यात बनत, तिनंच हे सुख पहिल्यांदा बाजारात आणलं. कुर्ल्याची फियाट मात्र हातांच्या जोरावरच वळत राहिली.

डेव्हिस यांची मोठी युक्ती झडपेत होती. गाडी सरळ चालली की इंजिननं पट्ट्यावाटे चालवलेल्या पंपाचं तेल कमी दाबानं नुसतं फिरत राहतं. स्टिअरिंग वळवलं की झडप सरकते आणि तेल दट्ट्याच्या एका बाजूला जोर लावतं. हे लक्षात घेतलं की लक्षणं आपोआप उलगडतात. वळवताना पंप कण्हत असेल तर टाकीतलं ऑइल पाहा. ते कमी असेल तर नुसतं भरू नका, गळती शोधा. ऑइलला फेस आला असेल तर आत हवा शिरली आहे. रेस दिली की हलकं आणि सोडली की जड, याचा अर्थ पट्टा सैल आहे किंवा पंप थकला आहे. एकाच बाजूला जड असेल तर संशय झडपेवर आणि रॅकवर. साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर क्षणभर जडपणा आला आणि गेला, तर ओला पट्टा घसरला असं समजावं.

तिसऱ्या पिढीत तेल, पंप आणि पट्टा तिन्ही गेले. १९८८ साली सुझुकीनं सर्वो या छोट्या मोटारीत विजेवरचं स्टिअरिंग आणलं. हाताचा पीळ सेन्सर मोजतो आणि मोटर जोर देते. इथे पहिला प्रश्न बॅटरी आणि अल्टरनेटरचा, मग फ्यूज आणि कनेक्टरचा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा पुरात बुडालेल्या गाडीच्या कनेक्टरवर चढणारा गंज महिन्यांनंतरही त्रास देऊ शकतो. डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा दिवा लागला, तर स्कॅनर लावून कोड वाचल्याशिवाय एकही सुटा भाग बदलू देऊ नये.

तेलाची किंवा विजेची मदत गेली तरी चाकांशी असलेला दांड्याचा जोड सहसा तुटत नाही. दोन्ही हातांनी घट्ट धरून, वेग कमी करत गाडी कडेला घ्यावी. नंतर गॅरेजमध्ये चार गोष्टी सांगाव्यात: उभ्या गाडीत जड होतं की चालत्या, एका बाजूला की दोन्ही, पावसानंतर की नेहमी, दिवा लागला की नाही. तपासणीचा क्रम कुळाचाच ठेवावा: आधी टायर आणि सांधे, मग गाडी ज्या पिढीची असेल त्याप्रमाणे ऑइल-पट्टा किंवा बॅटरी-कनेक्टर. रॅक सर्वांत महाग, म्हणून त्याची पाळी सर्वांत शेवटी.